तार टोचते, पण सांगायचे कोणाला?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजत आले होते, दवाखाना आटोपत आला होता. तेवढ्यात एक शिक्षिका आत आल्या. वय ४२. तीन आठवड्यांपासून छातीत डाव्या बाजूला दुखत होते. आदल्याच दिवशी त्यांनी हृदयाचा आलेख काढून आणला होता, तो स्वच्छ होता. रक्ताच्या तपासण्याही ठीक होत्या. तरी चेहऱ्यावरची भीती गेली नव्हती, कारण वडील हृदयविकारानेच गेलेले. मी त्यांना टेबलावर झोपवून तपासले. डाव्या स्तनाखाली बरगडीवर एका ठिकाणी बोट दाबताच त्या कळवळल्या. नेमका त्याच जागी कातडीवर चंद्रकोरीसारखा काळपट लाल वळ होता.

"बाई, हा वळ कधीपासून आहे?" मी विचारले.

"तो होय? तारेचा आहे. टोचतेच ती. पण असलं काय डॉक्टरांना सांगायचं, मॅडम?"

तीन आठवडे त्या झोपल्या नव्हत्या. घरातली माणसे काळजीत होती. आणि दुखण्याचे कारण अंगावरच होते, फक्त ते तोंडावर येत नव्हते. छातीत दुखले की आधी हृदयाची खात्री करायचीच, त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण "तार टोचते" हे दोन शब्द पहिल्याच दिवशी बोलल्या असत्या तर पुढचे बरेच टळले असते.

म्हणून आज या सदरात तार असलेल्या ब्रेसियरविषयी, म्हणजेच आपण जिला ब्रा किंवा जुन्या बायका 'बॉडी' म्हणतात तिच्याविषयी लिहीत आहे. पुरुष वाचकांनीही पान उलटू नये. चपला चावल्या तर घरात सगळ्यांना सांगतो, चष्म्याचा नंबर बदलला तर सांगतो. मग दिवसाचे बारा-चौदा तास अंगावर असणाऱ्या कपड्याविषयी बोलायला लाज कसली?

तारेचे काम काय?

छातीला आधार देणारा कपडा आपल्याकडे नवा नाही. चोळी, काचोळी पूर्वापार आहेतच. आजच्या ब्राचा इतिहास मात्र शे-सव्वाशे वर्षांचा. अमेरिकेत १८९३ साली मेरी ट्युसेक या बाईंनी स्तनांना खालून आधार देणाऱ्या कपड्याचे पेटंट घेतले, त्यात खाली धातूची पट्टी होती. १९१४ साली मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने मऊ, बिनपट्टीच्या ब्राचे पेटंट घेतले. कपांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे लावण्याची पद्धत १९३० नंतरच्या दशकात सुरू झाली.

आता रचना समजून घेऊ. छातीभोवती फिरून पाठीमागे हुकांनी बंद होतो तो पट्टा. खांद्यावरून जातात त्या पट्ट्या. पुढे दोन कप आणि त्यांना जोडणारा मधला तुकडा. परकराला नाडीसाठी नेफा असतो, तसा प्रत्येक कपाच्या खाली एक अरुंद नेफा असतो आणि त्यात स्टीलची किंवा प्लास्टिकची अर्धगोल तार असते. तारेच्या टोकांवर प्लास्टिकचे छोटे टोपण असते.

सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की वजन पेलण्याचे मुख्य काम पट्टा करतो, खांद्यावरच्या पट्ट्या नव्हेत. पट्ट्या फक्त कप जागेवर धरून ठेवतात. तार कपाचे वजन पट्ट्यावर सारखे वाटून देते. पट्टा ढिला असेल तर सगळे ओझे पट्ट्यांवर येते, त्या खांद्यात रुततात, पाठीमागे पट्टा वर चढतो आणि पुढे तार खाली घसरून बरगडीवर येते. म्हणजे तार टोचते तेव्हा बहुतेक वेळा दोष तारेचा नसतो, मापाचा असतो.

मोठा नंबर घेण्याची चूक

टोचले, काचले की आपण काय करतो? मोठा नंबर आणतो. मी स्वतः कित्येक वर्षे रुग्णांना हाच सल्ला दिला, हे प्रांजळपणे कबूल करते. पण बहुतेक वेळा लहान पडलेला असतो तो कप. पट्टा आधीच सैल असतो.

आकडा पट्ट्याचा असतो आणि अक्षर कपाचे. पण 'सी' कप म्हणजे एक ठरावीक आकार नव्हे. आकडा वाढला की त्याच अक्षराचा कपही मोठा होतो. ३४ डी, ३६ सी आणि ३८ बी या तिन्हींत कपाची जागा जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो पट्ट्याच्या लांबीत. आमच्यासारख्या गावांतल्या दुकानांत बहुधा 'बी' कपच ठेवलेला असतो. मग जिला ३४ डी हवा ती ३८ बी घेऊन जाते. कप बसतो, पण पट्टा चार इंचांनी मोठा! ती पट्ट्या आवळते, खांदे दुखतात, मान भरून येते आणि मग ती माझ्याकडे मानेच्या मणक्याचे औषध मागायला येते.

माप घरी कसे घ्यावे?

शिवणकामाची टेप घ्या. मुलगी, बहीण, जाऊ कोणी मदतीला असेल तर उत्तम. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन थोडे फुगतात व दुखरे होतात, म्हणून माप पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत घ्यावे.

पहिले माप स्तनांच्या खाली, बरगड्यांवरून. टेप पाठीमागेही जमिनीला समांतर हवी. श्वास सोडून, टेप घट्ट पण न रुतणारी धरा. दुसरे माप स्तनांच्या सर्वात भरीव भागावरून. इथे टेप सैलसर ठेवा, दाबू नका.

समजा खालचे माप ३० इंच आणि वरचे ३६ इंच आले. जुन्या हिशेबाप्रमाणे खालचे माप सम असेल तर ४ आणि विषम असेल तर ५ मिळवायचे, म्हणजे ३०चे ३४ झाले. हा पट्ट्याचा आकडा. आता ३६ वजा ३४, फरक २. फरक १ असेल तर ए, २ असेल तर बी, ३ असेल तर सी, ४ असेल तर डी. म्हणजे माप आले ३४ बी.

हा अंदाज झाला. सगळ्या कंपन्यांचा हिशेब एकसारखा नसतो, काही कंपन्या काहीच न मिळवता सरळ माप लिहितात. म्हणून पेटीवरचा तक्ता पाहावा. बऱ्याच पेट्यांवर दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये छापलेली असतात, त्यांच्याशी आपली मापे ताडून पाहणे हा खरा मार्ग.

आठवडी बाजारात गाडीवर किंवा दुकानात पुरुष विक्रेत्यासमोर बोलायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मीही याच गावात राहते. त्यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही मापे कागदावर लिहून तो कागद पुढे करावा, आणि बसली नाही तर बदलून मिळेल का एवढे विचारून घ्यावे. बदलून मिळत असेल तर घरी बनियनवर किंवा पातळ ब्लाउजवर घालून पाहावी, म्हणजे ती खराब होत नाही. वर्षातून एकदा माप पुन्हा घ्यावे. बाळंतपण, वजनातला चढउतार, पाळी जाण्याचा काळ यांत माप बदलते. पण बायका लग्नात घेतलेला नंबरच पन्नाशीपर्यंत मागत राहतात.

बसली की नाही, कसे ओळखावे?

ब्रा घातल्यावर थोडे पुढे वाकून प्रत्येक स्तन काखेच्या बाजूने हाताने कपात नीट घ्यावा. मग सरळ उभे राहून आरशात पाहावे.

१. नवी ब्रा सर्वात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक पुढे ढिले पडते, तेव्हा आतले हूक कामी येतात.

२. पाठीवरचा पट्टा पुढच्याच उंचीवर आडवा असावा. तो वर चढत असेल तर सैल आहे. त्याखाली दोन बोटे जातील, मूठ जाणार नाही, इतपत घट्ट असावा.

३. मधला तुकडा छातीच्या मधल्या हाडाला टेकलेला हवा. तो अधांतरी राहत असेल तर कप लहान आहे.

४. तार स्तनाखालच्या घडीतच बसावी आणि बाजूचे टोक काखेच्या मध्याकडे जावे. तार स्तनाच्या मांसावर चढत असेल तर कप लहान. ती घडीच्या खाली बरगडीवर उतरत असेल तर पट्टा सैल.

५. कपाच्या वर किंवा काखेत मांस फुगून येत असेल तर कप लहान. कपाला सुरकुत्या पडत असतील तर कप मोठा किंवा पट्ट्या सैल.

६. खांद्यावरच्या पट्टीखाली एक बोट सहज जावे.

७. शेवटी दोन्ही हात वर करा, खाली बसा, वाकून पाहा. केर काढताना, फळ्यावर लिहिताना, एसटीत दांडा धरून उभे राहताना जे करतो ते सगळे. तार जागची हलता कामा नये. बसल्यावर पोट आणि बरगड्या फुगतात, म्हणून केवळ उभ्याने पाहून पसंत करू नये.

दिवसअखेर ब्रा काढल्यावर पुसट रेषा दिसतात, त्या तासाभरात जातात. त्यात वावगे काही नाही. सकाळपर्यंत राहणारा वळ, काळी पडलेली कातडी किंवा सोललेली जागा मात्र मापाची चूक सांगते.

घडीतला घाम आणि मलमाची ट्यूब

स्तनाखालची घडी ही घामाची जागा. पावसाळ्यात पायांच्या बोटांत चिखल्या होतात, तोच प्रकार इथेही होतो. कातडी भिजून लाल होते, आग होते, मग त्यावर बुरशी वाढते आणि खाज सुटते. तार तिथेच घासत असेल तर कातडी फुटते.

यात आपली एक सवय भर घालते. आतले कपडे कोणाला दिसू नयेत म्हणून ते टॉवेलखाली, परकराखाली, नाहीतर न्हाणीघरातल्या दांडीवर वाळत घातले जातात. वारा नाही, उजेड नाही. ते दमटच राहतात आणि सकाळी तसेच अंगावर चढतात. चोरून वाळवलेला कपडा बुरशीला आवडतो, हे लक्षात ठेवावे. सकाळच्या उन्हात किंवा वाऱ्यावर उघड्यावर वाळवा. फार तर वरून एक पातळ ओढणी टाका.

दुसरी सवय अधिक घातक आहे. खाज सुटली की मेडिकलमधून एखादी ट्यूब आणायची. तीन-चार औषधे एकत्र असलेल्या अशा मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ते चांगले वाटते. पण बुरशी मरत नाही, पसरते. कातडी पातळ होते आणि पुढे साधे औषध लागू पडत नाही. अशा किती तरी बाया महिनोन्महिने ट्यूब लावून माझ्याकडे येतात. कृपा करून न विचारता असे मलम लावू नका. घडी रोज धुऊन मऊ कापडाने टिपून कोरडी करा, सुती कपडा वापरा, पुरळ बरे होईपर्यंत तारेची ब्रा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. हे वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्या. मधुमेहाची पहिली खबर कधीकधी इथूनच मिळते.

काहींना हुकाच्या किंवा टोपण गेलेल्या तारेच्या जागीच खाज येते व चट्टा उठतो. खोटे दागिने घातल्यावर कान चिघळतात अशांना हे जास्त होते, कारण दोन्हीकडे धातूतले निकेल हेच कारण असते. त्यांनी बिनतारेची ब्रा घ्यावी.

तार बाहेर आली तर

आता दुरुस्ती. तारेची ब्रा स्वस्त नसते आणि नेफा एका टोकाला फाटला म्हणून ती टाकून देणे कोणाला परवडत नाही. पण सेफ्टी पिन लावून दिवस काढणे हा उपाय नव्हे. काखेकडच्या टोकाने काखेत आणि मधल्या टोकाने छातीच्या मध्यावर जखम झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. अशी जखम झाली तर साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दुरुस्ती अशी करावी. आधी तारेचे टोक तपासा. प्लास्टिकचे टोपण शाबूत असेल तर चांगलेच. ते निघाले असेल तर इलेक्ट्रिशियन वायरच्या जोडावर चढवतात ती उष्णतेने आकसणारी बारीक नळी टोकावर चढवून घ्यावी. नेलपॉलिशचे चार-पाच थर देऊनही काही दिवस निभावते. मग तार नेफ्यात पूर्ण आत सारा. टोक आणि शिवण यांच्यामध्ये अर्धा सेंटिमीटर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे. तार शिवणीला खेटून राहिली तर ती पुन्हा फाडून बाहेर येणार.

आता जुन्या परकराच्या नाडीचा किंवा जाड सुती कापडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्या, दुहेरी घडी करून नेफ्याच्या तोंडावरून पलीकडे दुमडा आणि दुहेरी दोऱ्याने जवळजवळ दहा-बारा टाके घाला. गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा, अंगाला लागणार नाही अशी. सुई कपाच्या पातळ कापडातून जाऊ देऊ नका, तिथे दुसरे भोक पडते. शेवटी आतून बोट फिरवून पाहा. बोटाला जे लागते ते कातडीला लागणारच. प्रवासात किंवा शाळेत असताना तार बाहेर आली तर जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी नेफ्याच्या तोंडावर लावून एक दिवस काढता येतो, त्याहून जास्त नाही.

नेफा टोकाला न फाटता मध्येच झिजला असेल, तार मोडली किंवा वाकली असेल, तर पक्कडीने सरळ करण्याचा खटाटोप नको. दोन्ही बाजूंच्या तारा काढून टाका. एकच काढली तर ओझे तिरपे पडते. दोन्ही काढलेली ब्रा घरात घालायला चांगली चालते. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या जुन्या ब्रातील चांगली तारही वापरता येते; मात्र दोन्ही तारा एकमेकींवर ठेवून गोलाई आणि लांबी जुळते का ते पाहा.

खांद्याची पट्टी ढिली झाली तर टेलर नवे इलॅस्टिक लावून देतो. पट्टा थोडा घट्ट होत असेल आणि कप बरोबर असेल तर जादा हुकांची सुटी पट्टी मिळते, ती जोडावी. पण सर्वात आतल्या हुकावरही पट्टा सैल बसू लागला की त्या ब्राचे आयुष्य संपले. तिला निरोप द्यावा.

तार मोडते ती बहुधा धुताना. बादलीत साबणाच्या पाण्यात भिजवून हाताने हलके चोळावे. ब्रशने घासू नये, पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे. मशीनमध्ये टाकायचीच असेल तर हूक लावून जाळीच्या पिशवीत घालावी. वाळत घालताना मधल्या तुकड्यावर टांगावी, खांद्याच्या पट्टीवर नाही. इस्त्री नको, दुपारचे कडक ऊनही नको. एकच ब्रा रोज वापरू नये. तीन आलटून पालटून वापरल्या तर इलॅस्टिकला विश्रांती मिळते आणि तिन्ही जास्त टिकतात.

तार कोणी वापरू नये?

स्तनपान देणाऱ्या आईने, निदान सुरुवातीचे महिने, तार टाळावी. तारेच्या दाबाने दुधाची नळी तुंबून गाठ येते आणि पुढे ताप येऊन स्तन सुजू शकतो. गरोदरपणात माप सतत बदलते, तेव्हाही मऊ ब्रा बरी. स्तनाची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाले असतील तर डॉक्टर सांगेपर्यंत तार नको. वाढत्या वयाच्या मुलींना तारेची गरज नसते. रात्री झोपताना तर कोणालाच नाही. तारेविना स्तन ओघळतात हाही समज चुकीचा आहे. वय, बाळंतपणे, वजनातील चढउतार आणि तंबाखू यांचा तो परिणाम असतो. जिला बिनतारेचीच बरी वाटते तिने खुशाल तीच वापरावी.

तारेने कर्करोग होतो का?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी विचारला जातो, हल्ली मोबाईलवरचा मजकूर दाखवून. याचे मूळ १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकात आहे. त्यात ब्रामुळे रसवाहिन्या दाबल्या जातात आणि कर्करोग होतो असा दावा होता. पण वय, वजन, मुले किती, ती कोणत्या वयात झाली, या माहीत असलेल्या कारणांचा हिशेब त्यात धरलेलाच नव्हता. पुढे २०१४ साली अमेरिकेतल्या सिएटल येथील संशोधकांनी ५५ ते ७४ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हजाराहून अधिक कर्करोग झालेल्या आणि ४६९ न झालेल्या स्त्रिया होत्या. ब्रा कोणत्या वयात सुरू केली, दिवसाचे किती तास, कप कोणता, तार होती की नाही, असे सारे विचारले. कशाचाही कर्करोगाशी संबंध आढळला नाही. तेव्हा ती भीती मनातून काढून टाका.

मात्र याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे आणि ती मी माझ्याच चुकीतून शिकले.

बारा वर्षांपूर्वी शिवणकाम करणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. वय ४६. सर्दीचे औषध घेतले आणि उठता उठता म्हणाल्या, "मॅडम, डावीकडची तार टोचते हो हल्ली." बाहेर पंचवीस माणसे बसलेली. मी खुर्चीतूनच म्हटले, "मोठा नंबर घ्या." त्या हसून गेल्या. पाच महिन्यांनी परत आल्या तेव्हा मी तपासले. डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला, तारेच्या टोकाशीच, बोराएवढी घट्ट गाठ होती. तार बदलली नव्हती, स्तन बदलला होता. म्हणून ती एकाच बाजूला टोचू लागली होती. त्यांनी मला पहिल्याच वेळी सांगितले होते. मी ऐकले नाही.

शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली. दैव बरे, त्या आज ठणठणीत आहेत आणि दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतात. तिळगूळ हातात घेताना ते पाच महिने मला आठवतात. त्या दिवसापासून "तार टोचते" म्हणणाऱ्या कोणालाही मी तपासल्याशिवाय पाठवत नाही.

म्हणून हे पाठ करून ठेवा. मापाचा त्रास साधारणपणे दोन्ही बाजूंना होतो आणि बरोबर मापाची ब्रा घेतली, किंवा तार दोन आठवडे बंद ठेवली, की कमी होतो. पुढीलपैकी काही असेल तर तारेला दोष देत बसू नका: स्तनात किंवा काखेत गाठ, एकाच बाजूचा स्तन नव्याने मोठा किंवा वेगळा दिसणे, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड आत ओढले जाणे, त्यावर न भरणारी जखम किंवा खपली, बोंडातून रक्त किंवा आपोआप पाणी येणे, दोन आठवड्यांत बरा न होणारा लाल चट्टा. कधी कातडीखाली दोरीसारखी कडक, दुखरी शीर लागते. मोंडोर या फ्रेंच शल्यविशारदाने १९३९ साली त्याचे वर्णन केले होते. घट्ट कपड्यानेही ती होते आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप विरते. पण तीही एकदा दाखवावीच. यातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी आहे हे ठरवायचे काम तपासणीचे, आपल्या मनाचे नव्हे.

आणि मोठ्या शहरातले यंत्र नाही म्हणून थांबू नका. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. जाणत्या हाताची तपासणी आपल्या गावातही होऊ शकते. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसे सांगा, सोबत कोणाला आणायचे असेल तर आणा.

त्या शिक्षिकांचे काय झाले? माप घेतले तेव्हा कळले की त्या ३८ बी वापरत होत्या आणि माप येत होते ३४ डी. तीन आठवडे तार बंद ठेवली, बरगडीवर शेक दिला, मग योग्य मापाची आणली. परवा रस्त्यात भेटल्या. दुखणे गेले होते. "मॅडम, शाळेतल्या सगळ्या बायकांना सांगितलं मी," त्या हसत म्हणाल्या.

भगिनींनो, तुम्हीही सांगा. आईने मुलीला सांगावे, सुनेने सासूला विचारावे. आणि दवाखान्यात उठता उठता जे म्हणावेसे वाटते, ते बसल्या बसल्याच म्हणा. डॉक्टरने खुर्चीतूनच उत्तर दिले तर "एकदा तपासून बघा" असे हक्काने सांगा.